अमेरिकेत टिप किती द्यायची, आणि कुठे द्यायचीच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन कुटुंबं, आजी-आजोबा धरून आठ माणसं, पहिल्यांदाच अमेरिकेला निघाली आहेत. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, मग लास व्हेगास आणि कॅलिफोर्निया. परतताना लंडनला तीन दिवस. कोणी १० टक्के सांगतं, कोणी २०, मशीनवर तर ३० दिसतं असंही ऐकलंय. नक्की किती द्यायची, नाही दिली तर काय होतं, आणि बजेटमध्ये किती धरायचे?

टक्क्यांचं उत्तर एका ओळीत संपतं. टेबलावर बसून जेवलात आणि वेटरने वाढलं, तर कर सोडून उरलेल्या बिलाच्या १८ ते २० टक्के. पण ग्रुप घेऊन जाताना मी बघतो ते असं, की लोकांचे पैसे टक्का चुकल्यामुळे जात नाहीत. एकाच जेवणावर दोनदा टिप दिली जाते, किंवा जिथे गरजच नव्हती तिथे भिडेखातर दिली जाते, आणि जिथे द्यायलाच हवी तिथे मात्र हात आखडतो. म्हणून टक्क्याच्या आधी दोन गोष्टी बघायच्या: समोरच्या माणसाचा पगार टिप गृहीत धरून ठरलाय का, आणि टिप बिलात आधीच लागली आहे का.

पहिली गोष्ट आधी. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण ज्यांना नेहमी टिप मिळते अशा कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. उरलेले ५.१२ डॉलर टिपमधून यावेत असं गृहीत आहे. नाही आले तर फरक मालकाने भरायचा. म्हणजे गिऱ्हाईक खूश झालं म्हणून दिलेली बक्षिसी, असा तिथल्या वेटरच्या टिपचा हिशेबच नाही. मेन्यूतली किंमत कमी ठेवून पगाराचा मोठा भाग थेट तुमच्याकडून वसूल करायची ती व्यवस्था आहे. ती आपल्याला पटो न पटो. खुद्द अमेरिकनांनाही ती पूर्वी पटत नव्हती; वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर बंदीच घातली होती, आणखी काही राज्यं मागोमाग गेली, आणि १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गुंडाळले गेले.

आता हे राज्यागणिक बदलतं, हे मान्य करायला हवं. बऱ्याच राज्यांत २.१३ पेक्षा जास्त द्यावे लागतात. तुमच्या वाटेवरच्या कॅलिफोर्निया आणि नेवाडात तर टिप मिळणाऱ्यांनाही राज्याचं पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. मग तिथे कमी टिप दिली तर चालेल का? तर्काने चालायला हवं, व्यवहारात चालत नाही. लास व्हेगास असो की सॅन फ्रान्सिस्को, टेबलावर १८ ते २० टक्क्यांचीच अपेक्षा असते आणि स्थानिक लोकही तेवढीच देतात.

नाही दिली तर? कायद्याने कोणी अडवत नाही. पण अनेक रेस्टॉरंटमध्ये वेटरला त्याच्या टेबलांच्या विक्रीच्या ठरावीक टक्के रक्कम टेबल आवरणाऱ्याला, बारटेंडरला आणि दारात जागा देणाऱ्याला द्यावी लागते, मग टिप मिळो वा न मिळो. तुम्ही शून्य ठेवलंत तर तुम्हाला वाढल्याबद्दल त्याला पदरमोड करावी लागते. म्हणून शून्य टिप हा तिथे अपमान समजला जातो आणि क्वचित एखादा वेटर दारापर्यंत येऊन विचारतो की काही चुकलं का.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची, कारण तुम्ही आठजण आहात. सहा किंवा आठ माणसांपासून पुढच्या टेबलाला बऱ्याच ठिकाणी १८ ते २० टक्के टिप बिलात आपोआप लावतात. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, आणि बिलावर कराच्या आसपास 'ग्रॅच्युइटी' किंवा 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ येते. गंमत अशी, की एवढं करूनही कार्डाच्या स्लिपवर टिपची रिकामी रेघ असतेच. कारण ती मशीन सगळ्यांसाठी एकच छापते. हिशेब करून बघा. न्यूयॉर्क शहरात आठजणांचं जेवण २०० डॉलर झालं, ८.८७५ टक्के कर म्हणजे १७.७५, आणि १८ टक्के ग्रॅच्युइटी ३६. एकूण २५३.७५. घाईत कोणीतरी फक्त शेवटचा आकडा बघतो, त्यावर २० टक्के काढतो आणि रिकाम्या रेघेवर ५०.७५ लिहून मोकळा होतो. एका जेवणावर टिप ८६ डॉलरच्या वर गेली. वेटर आभार मानेल, परत करणार नाही.

तेव्हा बिल आलं की खालून वर वाचायचं. ग्रॅच्युइटीची ओळ असेल तर टिपच्या रेघेवर शून्य लिहायचं किंवा आडवी रेघ मारायची, यात संकोचण्यासारखं काही नाही. ओळीचं नाव वेगळंच असेल, म्हणजे 'किचन फी', 'वेलनेस फी', 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फी' असं काही, तर ते पैसे वेटरला मिळतातच असं नाही. अशा वेळी सरळ विचारायचं, 'इज द टिप इन्क्लूडेड?' हा प्रश्न तिथे उद्धट वाटत नाही. रोज शंभर लोक विचारतात. फ्लोरिडाला कधी गेलात तर मायामी बीचवर दोन माणसांच्या टेबलालाही सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, हे लक्षात ठेवा.

काहीजण सुचवतात की चार-चारच्या दोन टेबलांवर बसा, ग्रॅच्युइटी वाचेल. वाचत काही नाही, कारण मग तीच रक्कम तुम्हाला हाताने लिहायची आहे. बिलं दोन कुटुंबांची वेगळी हवी असतील तर ते ऑर्डर देतानाच सांगायचं, जेवण झाल्यावर नाही. आणि एकच बिल दोन कार्डांवर विभागलंत तर आणखी एक खड्डा आहे. ८० डॉलरचं जेवण, करासह ८७.१०, प्रत्येक कार्डावर ४३.५५. स्लिपच्या तळाशी 'सुचवलेली टिप' छापलेली असते, आणि काही ठिकाणी ती विभागलेल्या रकमेवर न काढता पूर्ण बिलावर काढलेली असते. दोन्ही स्लिपांवर २० टक्के म्हणून १६ डॉलर दिसतात, दोघंही १६ लिहितात, आणि टिप ४० टक्के होते. छापील आकडा म्हणून विश्वास ठेवू नका. शिवाय ती सूचना बऱ्याचदा कर धरून काढलेली असते; त्यातला फरक मात्र डॉलर-दीड डॉलरचा, त्यासाठी डोकं शिणवू नये.

मनातल्या मनात काढायची सोपी रीत: कराआधीच्या रकमेचा दशांश चिन्ह एक घर सरकवा, तो १० टक्के. ८० चे ८. दुप्पट केली की २० टक्के, १६. साधारण सेवेला १४, चांगल्या सेवेला १६, विषय संपला. 'कराच्या दुप्पट द्या' ही युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेल. न्यूयॉर्क शहरात ती जमते, पावणेअठरा टक्के होतात. वॉशिंग्टन डीसीत रेस्टॉरंटच्या जेवणावर १० टक्के कर आहे, तिथे बरोबर २० होतात. पण ओरेगॉनसारख्या राज्यात विक्रीकरच नाही. तिथे शून्याची दुप्पट शून्य.

आता पैसे देण्याची पद्धत, कारण पहिल्या दिवशी गोंधळ इथेच उडतो. बिल एका छोट्या फोल्डरमध्ये येतं. त्यात कार्ड ठेवायचं. वेटर ते घेऊन आत जातो (घाबरू नका, तिथे तशीच रीत आहे, आता बऱ्याच ठिकाणी मशीनच टेबलापाशी आणतात) आणि कार्डासोबत दोन स्लिपा आणतो, एक 'मर्चंट कॉपी', एक 'कस्टमर कॉपी'. मर्चंट कॉपीवर छापील रकमेखाली 'टिप' आणि 'टोटल' अशा दोन रेघा असतात. टिपच्या रेघेवर डॉलरमध्ये रक्कम लिहायची, टक्के नाही. खाली बेरीज लिहायची, सही करायची, ती स्लिप फोल्डरमध्ये ठेवून उठायचं. कस्टमर कॉपी आपली; तिच्यावर तोच आकडा लिहून फोटो काढून ठेवा. टिप रोख ठेवायची असेल तर टिपच्या रेघेवर 'कॅश' लिहा आणि टोटलमध्ये छापील रक्कम पुन्हा लिहा. रेघा कोऱ्या सोडून कधीही उठू नका.

वेटर कार्ड मशीनवर लावतो तेव्हा मोबाइलवर येणारा मेसेज टिपविना रकमेचा असतो. टिपसकट रक्कम एक-दोन दिवसांनी खात्यातून जाते, तेव्हा 'दोनदा कापले' म्हणून बँकेला फोन करण्याआधी जुळवून बघा. फॉरेक्स कार्डात नेमकेच पैसे असतील तर पंचाईत होऊ शकते. बिलापेक्षा पाव हिस्सा जास्त शिल्लक असलेली बरी.

रोखीत देताना एक वाक्य जपून वापरा. वेटर फोल्डर उचलताना विचारतो, 'डू यू नीड चेंज?' तुम्ही 'नो' म्हणालात की उरलेले सगळे त्याचे. ६२ डॉलरच्या बिलाला १०० ची नोट ठेवली असेल तर 'येस, प्लीज' म्हणायचं, सुटे घ्यायचे आणि मग त्यातून टिप ठेवायची.

आपल्याकडच्या कुटुंबांबद्दल एक बारीकशी गोष्ट. आपण चार डिशेस मागवून आठजणांत वाटतो, पाणी फुकटचं घेतो आणि गप्पा मारत दीड-दोन तास बसतो. यात गैर काही नाही. पण बिल छोटं होतं, टेबल अडून राहतं आणि वेटरचे हेलपाटे तेवढेच होतात. अशा वेळी टक्क्याला चिकटून न राहता तीन-चार डॉलर वरून ठेवावेत. आणि भारतीय रेस्टॉरंटमध्ये गेलात, वेटर हिंदीत बोलला, म्हणून नियम बदलत नाही. 'आपलाच माणूस आहे' हे कारण त्याने इतक्यांदा ऐकलेलं असतं की विचारू नका.

बुफेत जिथे कोणी पाणी आणून देतं आणि ताटल्या उचलतं, तिथे १० टक्के किंवा माणशी एक-दोन डॉलर पुरतात.

टेबलाचा विषय इथे संपला. आता मशीनवरच्या ३० टक्क्यांबद्दल. कॉफीच्या काउंटरवर, आइस्क्रीमच्या दुकानात, विमानतळावर पाण्याची बाटली घेताना टॅब्लेट तुमच्याकडे फिरवतात आणि त्यावर १८, २२, २५, कधी ३० टक्क्यांची बटणं असतात. प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकन प्रौढांनी सांगितलं, की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिप मागितली जाते. म्हणजे कटकट त्यांनाही होते. माझा स्पष्ट सल्ला असा: उभं राहून ऑर्डर दिली, उभं राहून घेतली, तर 'नो टिप' दाबा आणि पुढे व्हा. ते बटण कधी खाली बारीक असतं, कधी 'कस्टम' मध्ये शिरून शून्य टाकावं लागतं. मागे रांग आहे, समोरचा बघतोय, म्हणून २० टक्के दाबू नका. पार्सललाही देणं बंधनकारक नाही. आठजणांची मोठी ऑर्डर नीट बांधून दिली तर पाच डॉलर ठेवा. घरपोच मागवलंत तर मात्र द्यायची, १५ टक्के किंवा किमान पाच डॉलर. बिलातली 'डिलिव्हरी फी' म्हणजे आणणाऱ्याची टिप नव्हे.

हॉटेलात सगळ्यात जास्त विसरली जाणारी व्यक्ती म्हणजे खोली साफ करणारी. खोलीमागे रात्रीला तीन ते पाच डॉलर, आणि ते रोजच्या रोज. शेवटच्या दिवशी एकदम वीस ठेवले तर ते त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या बाईला मिळतात, आधीचे चार दिवस राबलेली कोरडीच राहते. नोट उशीवर किंवा टेबलावर, सोबत चिठ्ठीवर 'हाउसकीपिंग, थँक यू' लिहून ठेवायची. चिठ्ठीशिवाय ठेवलेले पैसे पाहुणा विसरला असं समजून त्या हात लावत नाहीत. हल्ली बरीच हॉटेलं सांगितल्याशिवाय रोज साफसफाई करत नाहीत. ज्या दिवशी खोली आवरली जाणार त्याच दिवशी ठेवा, आणि निघताना. लास व्हेगासची 'रिसॉर्ट फी' किंवा न्यूयॉर्कची 'डेस्टिनेशन फी' हॉटेलच्या खिशात जाते, त्याचा टिपशी संबंध नाही. बॅगा वर नेणाऱ्याला नगामागे दोन डॉलर, गाडी आणून देणाऱ्या व्हॅलेला तीन ते पाच, आणि तेही गाडी परत देताना. खोलीत जेवण मागवलंत तर आधी बिल बघा, सर्व्हिस चार्ज जवळजवळ नेहमी लागलेला असतो. रिसेप्शनवर टिप देत नाहीत.

टॅक्सीला १५ ते २० टक्के. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीत मागच्या स्क्रीनवर २०, २५, ३० अशी बटणं येतात. शेजारी स्वतः आकडा टाकायची सोय असते, ती वापरा. ॲपवरून बोलावलेल्या गाडीत टिप ऐच्छिक असते. बॅगा उचलून ठेवल्या, पहाटे चारला आला, तर तीन-पाच डॉलर. तेही उतरल्यावर ॲपमधून देता येतात.

एक-दोन दिवसांची बसटूर घेणार असाल तर आधी पावतीवरचं 'समाविष्ट' आणि 'असमाविष्ट' वाचा. कित्येक सहल कंपन्या गाइड आणि ड्रायव्हरची टिप आधीच घेतात, आणि मग बसमध्ये पाकीट फिरतं तेव्हा लोक पुन्हा देतात. घेतलेली नसेल तर दिवसाला माणशी गाइडला पाच आणि ड्रायव्हरला तीन डॉलर हे ठीक प्रमाण आहे. 'फ्री वॉकिंग टूर' ही नावापुरतीच फ्री. त्या गाइडची कमाई टिपवरच असते, माणशी दहा-पंधरा डॉलर धरा.

आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर सांगितली असेल तर हे वाचून ठेवा. ती सेवा विमान कंपनीने फुकट द्यायची असते आणि टिप देण्याचं कसलंही बंधन नाही. पण ढकलणाऱ्यांचा पगार तुटपुंजा असतो, आणि इमिग्रेशनच्या रांगेपासून बेल्टवरच्या बॅगांपर्यंत तास-दीड तास ते सोबत असतात. खुर्चीमागे पाच ते दहा डॉलर द्यावेत, आजोबांच्याच हातात देऊन ठेवावेत. कोणी तोंडाने वीस-तीस मागितले तर देऊ नका. आणि एक उलटी बाजू: पोलिस, विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी, इमिग्रेशन अधिकारी, राष्ट्रीय उद्यानातले रेंजर यांच्यापुढे चुकूनही नोट धरू नका. ते सरकारी नोकर आहेत आणि तुमच्या चांगुलपणाचा भलताच अर्थ निघेल.

सेवा खराब असेल तर? आधी ठरवा की चूक कोणाची. पदार्थ उशिरा आला किंवा खारट झाला तर तो स्वयंपाकघराचा दोष. वेटरला सांगा, बदलून देतात किंवा बिलातून काढतात. वेटरच उद्धट वागला तर १० टक्क्यांवर या आणि मॅनेजरला बोलावून कारण सांगा. न सांगता कमी ठेवलंत तर तुम्हाला टिप काढता येत नाही असं समजतील, सुधारणार कोणी नाही.

सुट्या नोटांची तयारी इथूनच करा. परकीय चलन घेताना शंभराच्या नोटा हातात ठेवतात. त्यातून आग्रहाने एक आणि पाचच्या मागून घ्या. एकच्या तीस-चाळीस आणि पाचच्या दहा-बारा एवढ्या पहिल्या आठवड्याला पुरतात. एटीएममधून बहुतेक विसाच्या येतात, त्या हॉटेलच्या रिसेप्शनवर मोडून मिळतात. खिशातली नाणी टेबलावर ओतून येऊ नका, आणि रुपयांची नोट 'आठवण म्हणून' तर नकोच. तिचं तिथे काही होत नाही.

बजेटसाठी एकच सूत्र: बसून जेवायचं असेल तिथे मेन्यूतली किंमत गुणिले १.३. कर साधारण ९ टक्के, टिप २०, मिळून तेवढं होतं. २० डॉलरची डिश २६ ला पडते. तुम्ही आठजण दिवसातून एकदा टेबलावर बसणार आणि बाकी काउंटरवर खाणार असाल, तर जेवणाची टिप ४० डॉलरपर्यंत, तीन खोल्यांचे दहा, किरकोळ दहा. सगळ्यांची मिळून दिवसाला साठ धरा. दोनदा बसून जेवलात तर शंभर.

लंडनला उतरलात की हे सगळं विसरायचं. तिथे वेटरलाही पूर्ण किमान वेतन मिळतं, रेस्टॉरंटच्या बिलात बहुधा १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, आणि त्यावर आणखी काही द्यायचं नसतं. तो ऐच्छिक असतो. सेवा वाईट वाटली तर काढायला सांगता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे ही रक्कम मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, म्हणून रोख वेगळी देण्याची धडपडही नको. बिलात लावलेला नसेल तर १० टक्के पुरे. पबमध्ये काउंटरवर जाऊन घेतलेल्या पेयावर टिप देत नाहीत, आणि टॅक्सीला पुढच्या पूर्ण पौंडापर्यंत रक्कम गोल केली तरी चालतं.